गाडी जरा बाजूला घे गं!

निगडीहून खंडाळा तसं तासा-दीड तासाचं अंतर. पण बाबांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि जुन्या हायवेला लागलं, की अख्खा शनिवार कमी पडतो!

दर दुसऱ्या शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी मुंबईहून पुण्याला घरी येते आणि रविवारी रात्री परत जाते. पाच वर्षं झाली. हिशेब केला तर अडीचशेच्या वर खेपा झाल्यात या रस्त्यावर. पण मला कुणी विचारलं असतं, की बाई गं, इतक्यांदा जातेस-येतेस, मावळात बघण्यासारखं आहे तरी काय, तर फूड मॉलमधल्या कुठल्या वॉशरूमला रांग कमी असते एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकले असते. बाकी खिडकीबाहेर डोंगर असतात. सीझनप्रमाणे हिरवे किंवा पिवळे. बस्स.

तर एका शनिवारी बाबांना म्हटलं, चला, नव्या गाडीतून खंडाळ्याला जेवायला जाऊ. बाबा काय, तयारच होते. निगडीच्या पुढे मी सवयीने एक्स्प्रेस वेची पाटी शोधायला लागले, तर शेजारून प्रश्न आला, ‘‘घाई आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग जुन्या रस्त्याने घे.’’

जुना रस्ता म्हणजे जुना मुंबई-पुणे हायवे. एके काळचा एनएच ४, आताचा ४८. देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा अशा गावांना खेटून जाणारा. त्या दिवशी बाबांनी मला या रस्त्यावर चार वेळा गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यातल्या तीन वेळा कारण एकच होतं, काहीतरी अवाढव्य दिसलं म्हणून. चौथ्याचं नंतर सांगते.

दिसतो म्हणून थांबतात

पहिला थांबा सोमाटणे फाट्याचा. टेकडीवर बसलेला बिर्ला गणपती दुरूनच दिसायला लागतो. २००९ मध्ये ही मूर्ती इथे बसवली. मूर्ती ५४ फुटांची, तिच्याखालचा चौथरा १८ फुटांचा, एकूण ७२ फूट. सहा-सात मजल्यांची बिल्डिंग मांडी घालून बसलीय असं समजा! राजस्थानातले मूर्तिकार मातूराम वर्मा यांचं हे काम. आत काँक्रीट आणि वर तांब्यासारखी झळाळी. उन्हं कलली की तो रंग असा काही पेटतो, की भाविक नसलेला माणूसही ब्रेकवर पाय ठेवतो.

रस्त्याच्या कडेला आमच्याआधी चार गाड्या उभ्या होत्या. त्यातली एक तेलंगणाची. एक मुलगा रस्त्यावरच उकिडवा बसून मैत्रिणीचा फोटो काढत होता. तिने तळहात असा धरलेला, की गणपती तिच्या हातावर बसल्यासारखा दिसावा. ‘‘डावीकडे... अजून थोडं... पडला गं गणपती!’’ हे सगळं चाललेलं असताना वर टेकडीवर मात्र गर्दी नव्हती. पायऱ्या १७९ आहेत, आणि फोटो खालूनच चांगला येतो ना! आम्ही दोघं चढलो. बाबा मध्ये दोनदा टेकले, मी तीनदा. (जिमची वर्षाची फी भरलेली आहे, हे इथे नमूद करते.) वर गेल्यावर गंमत अशी होते, की गणपती दिसेनासा होतो. पायाशी उभं राहिलं की दिसतं फक्त एक पाऊल आणि मान मोडेपर्यंत वर पाहिलं तर पोट. तो लांबून बघण्यासाठीच घडवलाय.

खाली हार-नारळ घेऊन बसलेल्या मावशींना विचारलं, ‘‘मावशी, रस्त्याने जाणारे लोक इथे का थांबतात हो?’’ मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेली पोरगी आणि असला प्रश्न विचारते! म्हणाल्या, ‘‘दिसतो म्हणून थांबतात. न दिसणाऱ्या देवासाठी कोण गाडी थांबवतं, बाई?’’

मावशींच्या वाक्यात बराच हिशेब दडलेला आहे. ताशी शंभरच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. बैलगाडी सेकंदाला जेमतेम एक मीटर. बैलगाडीवाल्याला रस्त्याकडेचा शेंदूर फासलेला दगडही पुरायचा. त्याला तो दिसायचा, ओळखता यायचा, हात जोडायलाही वेळ मिळायचा. आपल्याला तो दगड म्हणजे खिडकीतून सरकलेला एक लाल ठिपका. म्हणजे जसजसा वेग वाढतो, तसतसं रस्त्याकडेच्या वस्तूला मोठं व्हावं लागतं. प्रेझेंटेशनमध्ये मागच्या रांगेतल्यांसाठी आपण फॉन्ट वाढवतो, तसंच. अमेरिकेत बेमिजी नावाच्या गावाने १९३७ साली लोककथेतल्या पॉल बनियन या लाकूडतोड्याचा पुतळा रस्त्याजवळ उभा केला, तेव्हा १८ फूट उंची भरपूर वाटली होती. आज आपल्याकडे नाथद्वाऱ्याचा शंकर ३६९ फुटांचा आहे आणि नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटरचा. पटेलांचा पुतळा घडवणारे शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे राम सुतार. आता या भव्यतेला फक्त रस्त्याचा वेग कारणीभूत आहे असं मी म्हणत नाही, त्यात राजकारण आणि भक्ती दोन्ही आलं. पण १८ फुटांसाठी आज कोण इंडिकेटर देईल?

मेंढ्याला हलवलं!

हे अवाढव्य प्रकरण जगभर चालतं, आणि त्यामागे भक्तीपेक्षा धंदा जास्त असतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ल्यूसी नावाची ६५ फुटांची हत्तीण उभी आहे. १८८१ मध्ये एका बिल्डरने ती बांधली. कशासाठी? तर प्लॉट विकायला! गिऱ्हाइकांना हत्तिणीच्या पोटातून वर चढवायचं आणि वरून आजूबाजूची जमीन दाखवायची. कामशेतच्या पुढे ‘सेकंड होम’च्या पाट्या मोजत होते, तेव्हा मला ल्यूसीची फार आठवण आली. आपल्या बिल्डरांना हे अजून सुचलेलं नाही हे नशीब.

ऑस्ट्रेलियात तर ‘बिग थिंग्ज’ म्हणून गावोगावी याचं वेडच आहे. कॉफ्स हार्बरला १९६४ पासून एक प्रचंड केळं आहे. पण मला सगळ्यात आवडतो तो गोलबर्न गावचा मेंढा. लोकरीचा व्यापार करणाऱ्या या गावाने १९८५ मध्ये सुमारे १५ मीटर उंचीचा काँक्रीटचा मेरिनो मेंढा उभारला. लाडाचं नाव रॅम्बो. पोटात दुकान, डोळ्यांतून बाहेर बघायची सोय. सिडनी-मेलबर्न हायवेवरच्या गाड्या थांबायच्या, पोरं मेंढ्यात शिरायची, आई-वडील खरेदी करायचे. मग १९९२ मध्ये गावाला बायपास झाला. गाड्या बाहेरच्या बाहेर जायला लागल्या आणि मेंढा एकटा पडला. गावाने काय करावं? २००७ मध्ये तो अख्खा मेंढा उचलला आणि नव्या हायवेच्या फाट्याजवळ नेऊन ठेवला!

बाबांना ही गोष्ट सांगितली, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘आपल्याकडचा मेंढा कुणी हलवला नाही.’’

म्हणजे काय, ते मला पुढे कळलं.

घाट थांबवायचा

बाबांकडे ऐंशीच्या दशकात सेकंडहँड फियाट होती. तिच्यातून मुंबईहून पुण्याला यायचं म्हणजे खोपोलीला थांबायचं, बॉनेट उघडायचं आणि रेडिएटरला पाणी पाजायचं, हे ठरलेलं. मग घाट चढायचा, आणि वर खंडाळ्याला आलं की परत थांबायचं, कारण गाडी परत तापलेली असायची. ‘‘तुझ्या आईला मी पहिल्यांदा नागफणी दाखवली ती गाडी तापली म्हणून,’’ बाबा म्हणाले. चाळीस वर्षं मी यांचा रोमान्स गाजलेला ऐकत होते, त्यामागे रेडिएटर होता तर!

रेल्वेचंही तेच. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली. चढ इतका, की १९२९ पर्यंत घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि मग पुढची चढण. त्यानंतरही कर्जतला गाडीमागे जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागत राहिली आणि लोणावळ्याला सुटत राहिली. गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी म्हटल्यावर खिडकीतून हात बाहेर येणारच. कर्जतचा बटाटेवडा आणि लोणावळ्याची चिक्की यांचं अर्थशास्त्र हे असं सोपं आहे. लोक चिक्कीसाठी थांबत नव्हते. थांबावं लागायचं, म्हणून चिक्की खात होते.

२००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण सुरू झाला, आणि थांबण्याचं कारणच गेलं. उलट थांबलात तर दंड! गाड्याही आता तापत नाहीत. रेल्वेत २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत आली, ती तर बँकरशिवाय घाट चढते आणि कल्याण सोडलं की थेट पुण्यालाच थांबते. मला हे सगळं सोयीचंच आहे. रविवारी रात्री अकराला मला रिव्हर्सिंग स्टेशनची मजा नकोय, मला घरी जाऊन झोपायचंय. पण जुन्या हायवेवर वरसोलीच्या आधी एका चिक्कीच्या दुकानात शिरले, तर गल्ल्यावरचे काका म्हणाले, ‘‘ताई, वीकएण्डला लोणावळ्यात आलेली माणसं घेतात. पण जाता जाता थांबणारं गिऱ्हाईक वेगळं. ते गेलं.’’ आलेली माणसं आणि जाता जाता थांबणारी माणसं, हा फरक मी कधी केलाच नव्हता.

तेव्हा कळलं, बाबा मेंढ्याबद्दल काय म्हणत होते ते.

जंबुद्वीपात एक नंबर

दुसरा थांबा कार्ल्याचा. इथे मात्र बाबांनी गाडी बाजूला नाही, पार डोंगराच्या पायथ्याशी न्यायला लावली आणि तीनेकशे पायऱ्या चढायला लावल्या. गर्दी होती, पण बहुतेक एकवीरा आईच्या दर्शनाची. मुंबई-रायगडकडून आलेली कोळी, आगरी कुटुंबं, कडेवर पोरं, हातात ओटीचं सामान. देवीचं देऊळ आणि लेणं अगदी शेजारी-शेजारी. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, अशी आख्यायिका रांगेतल्या एका आजींनी आम्हाला न विचारता सांगितली. लेण्याचं तिकीट काढून आत शिरणारे त्या मानाने कमी.

आणि मी आत शिरले, आणि गप्प झाले. खरंच.

कार्ल्याचं चैत्यगृह हे भारतात कातळात कोरलेल्या चैत्यगृहांत सगळ्यात मोठं. आतली लांबी सुमारे १२४ फूट, उंची ४६ फूट. हे बांधलेलं नाही हं, कोरलेलं आहे! म्हणजे जे नको ते काढून टाकत टाकत डोंगराच्या पोटात साडेचार मजली हॉल तयार केला. एकूण ३७ खांब. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि हत्तींवर स्वार जोड्या. स्तूपाच्या मागचे सात खांब मात्र साधे. वर छताला लाकडी फासळ्या आहेत. त्या लाकडाची छताला गरज नाही, कातळ आपला आपण उभा आहे. पण आधीची चैत्यगृहं लाकडाची असायची, त्या सवयीने इथेही लाकूड बसवलं. सागवानाच्या त्या फासळ्या दोन हजार वर्षांच्या आसपासच्या आहेत. माझ्या फ्लॅटमधल्या मॉड्युलर किचनचं लाकूड तीन वर्षांत फुगलं, म्हणून मी जरा जास्तच वेळ वर बघत राहिले.

बाहेर व्हरांड्यात दोन्ही बाजूंना जवळजवळ खऱ्या आकाराचे हत्ती भिंतीतून अर्धे बाहेर आलेत, जणू आख्खा मजला त्यांच्या पाठीवर आहे. अंगणात माथ्यावर चार सिंह असलेला उंच स्तंभ. हे सगळं इथे, या आडबाजूच्या डोंगरात कशाला? तर तेव्हा ही आडबाजू नव्हती. सोपारा, कल्याण ही बंदरं. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून वर यायचा आणि पैठण, तेरकडे जायचा. घाट चढून दमलेली माणसं-जनावरं घाटमाथ्यावर थांबणार नाहीत तर कुठे? आमच्या फियाटसारखीच!

आणि थांबलेले नुसते थांबले नाहीत, त्यांनी पैसे दिले. खांबांवर आणि दाराशी ब्राह्मी लिपीत काय कोणी दिलं, कोणी घडवलं ते कोरलंय. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. सोपाऱ्याचा एक भिक्खू. सिंहदत्त नावाचा अत्तराचा व्यापारी. सामी नावाचा सुतार. ‘‘म्हणजे प्रत्येक खांबाला स्पॉन्सर!’’ मी म्हटलं. बाबा म्हणाले, ‘‘आणि मेन स्पॉन्सर बाहेर.’’ व्हरांड्याच्या टोकाला वैजयंतीहून आलेल्या भूतपाल नावाच्या शेठचा लेख आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, असं अभ्यासक मानतात. या शेठजींनी लिहून ठेवलंय, की हे शैलगृह मी पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे.

जंबुद्वीपात उत्तम! हायवेवरच्या ‘आशियातील सर्वांत मोठे’ छाप पाट्यांना आपण हसतो. त्या पाटीचे पणजोबा इथे दगडात आहेत, आणि गंमत म्हणजे शेठजी खोटं बोलत नव्हते.

अजून एक लेख मला फार आवडला. नहपान राजाचा जावई उषवदात याने इथल्या, म्हणजे तेव्हाच्या वलूरकाच्या लेण्यांना करजिक नावाचं गाव दान दिलं. कुणासाठी, तर इथे वर्षावासाला राहणाऱ्या सगळ्या भिक्षूंसाठी, कुठला पंथ, कुठून आला, असला भेद न करता. पावसाळ्यात मुक्कामाला मावळात यायचं, ही कल्पना आपल्या ऑफिसच्या ट्रिपवाल्यांची नाही. तिला जवळजवळ १९०० वर्षं झाली. त्या काळी मुक्कामाचा खर्च राजाचा जावई करायचा, एवढाच फरक.

आम्ही दीड तास आत होतो. जेवणाचं टेबल बुक केलेलं, ते गेलं. माझ्या अडीचशे खेपांत हे लेणं दर वेळी माझ्यापासून काही किलोमीटरवर होतं. बाबांनी एका शब्दानेही टोमणा मारला नाही, त्यामुळे तर जास्तच लागलं.

पाटी कोसळते तेव्हा

लोणावळ्यात शिरताना मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम लागतं, सुनील कंडल्लूर यांचं. तिथले पुतळे माणसाएवढेच, म्हणून बाहेर बोर्ड मोठा. आम्ही थांबलो नाही, भूक लागली होती. पण त्या बोर्डावरून आमचं बोलणं होर्डिंगवर गेलं. रस्त्याकडेची खरी अवाढव्य वस्तू आता तीच. देऊळ नाही, पुतळा नाही. तिच्यासाठी कुणी थांबत नाही, तिला नुसतं बघत पुढे जायचं असतं.

सकाळी आम्ही ज्या देहूरोडवरून आलो, तिथून किवळे अगदी जवळ आहे. १७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी तिथे वादळी पाऊस आला. पाऊस चुकवायला काही लोक सर्व्हिस रोडच्या कडेला एका दुकानाच्या आडोशाला थांबले होते. शेजारचं होर्डिंग त्यांच्यावर कोसळलं. पाच जण गेले. पुढच्या वर्षी, १३ मे २०२४ ला, घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं. तिथे १७ जणांचा जीव गेला. त्या होर्डिंगचा आकार १२० फूट बाय १२० फूट होता आणि सगळ्यात मोठं म्हणून लिम्का बुकात त्याची नोंद झालेली होती. परवानगी ४० बाय ४० ची असते.

दोन्ही ठिकाणची माणसं काही बघायला थांबली नव्हती. पाऊस आला म्हणून, पेट्रोल हवं म्हणून थांबली होती. बाबांच्या काळात गाडी तापली म्हणून लोक थांबायचे, तशीच. तेव्हापासून सिग्नलला उभी असते तेव्हा मी एकदा वर बघून घेते. तुम्हीही बघा. वाऱ्याचे दिवस असतील तर गाडी होर्डिंगखाली लावू नका, भले तिथेच सावली असो.

डोकेदुखीचा पूल

साडेतीनला कुठल्याशा हॉटेलात थालीपीठ मिळालं आणि आम्ही खंडाळ्याला पोचलो. तिसरा थांबा. नागफणी!

हिला मोठं कुणी केलेलं नाही, ती आहेच तशी. दरीतून सरळ वर आलेला कातळाचा सुळका, फणा काढलेल्या नागासारखा. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, म्हणून ड्यूक्स नोज. एकच दगड आणि इथल्या माणसाला त्यात नाग दिसतो, साहेबाला स्वतःचा सेनापती! बाबांनी बोट दाखवून मला ‘‘आम्ही इथे उभे होतो’’ म्हणून दाखवलं. तिथे आता रेलिंग आणि मक्याची कणसं भाजणारा एक दादा. आई असती तर म्हणाली असती, की इथे नव्हे, त्या तिकडे. त्यांचं कधी एकमत झालं नाही. बाबा बराच वेळ उभे राहिले आणि मी फोन काढला नाही.

इथेच मागे, लोणावळ्याच्या टायगर पॉइंट-लायन्स पॉइंटला काचेचा स्कायवॉक करायची योजना राज्य सरकारने जाहीर केलेली आहे. दरीवर काच आणि काचेवर आपण. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक ओपनिंगलाच जातील, मीही जाईन. बाबांचं म्हणणं, दरी बघायला दरी पुरत नाही का? मला वाटतं, पुरायची. पण थांबावं लागायचं तेव्हा. आता थांबवावं लागतं.

खंडाळ्याहून घाट उतरायला लागलं की एका ठिकाणी बाबा म्हणाले, ‘‘इथे पूल होता.’’ तिथे काहीच नव्हतं. मोकळं आकाश. पण मला एकदम आठवलं. अमृतांजन पूल! १८३० च्या सुमाराचा, इंग्रजांच्या काळातला दगडी पूल. पुलाजवळ अमृतांजन बामची मोठ्ठी जाहिरात असायची, म्हणून लोकांनी पुलालाच ते नाव दिलं. विचार करा, १८९३ साली मुंबईत सुरू झालेल्या बामच्या कंपनीने पाटी लावली काय आणि साहेबाच्या पुलाचं बारसं झालं काय! पुढे एक्स्प्रेस वे त्याच्या कमानींखालून गेला. खांबांमुळे रस्ता अरुंद व्हायचा, वळणावर अपघात व्हायचे, ट्रॅफिक तुंबायचा. डोकेदुखीच्या नावाने ओळखला जाणारा पूल स्वतःच डोकेदुखी झाला. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनने रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून तो पाडला.

पाडायला नको होता का? रोज त्या वळणावरून जाणाऱ्यांना विचारा, ते म्हणतील बरं झालं. मीही त्यातलीच. पूल गेला, पाटी तर त्याच्याही आधी गेली. नाव मात्र अजून आहे. ‘अमृतांजनला ट्रॅफिक आहे’, असा मेसेज आमच्या ग्रुपवर अजून येतो. आमच्यातल्या निम्म्यांनी तो पूल नीट बघितलेलाही नाही.

इथे गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. बाबा मान वळवून मागे बघत राहिले एवढंच.

शिंग्रोबा

चौथा थांबा मी सुरुवातीला सांगायचा राहू दिला होता.

खोपोलीकडे उतरणाऱ्या जुन्या रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. एवढंसं. उंची सांगण्यासारखी नाही, लांबून दिसतही नाही, वळण घेतलं की एकदम समोर येतं. शिंग्रोबा हा धनगर. सह्याद्रीतून रस्ता कुठून काढावा हे इंग्रज इंजिनिअरांना उमजेना, तेव्हा गुरं चारणाऱ्या शिंग्रोबाने त्यांना घाटाची वाट दाखवली, अशी आख्यायिका आहे. काय बक्षीस हवं म्हणून विचारलं, तर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली, असंही सांगतात. याला कागदोपत्री पुरावा काय, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘ड्रायव्हरला विचार.’’

विचारायची गरज पडली नाही. आम्ही कडेला उभे असताना एक ट्रक आला, भरलेला, इंजिन रडकुंडीला आलेलं. ड्रायव्हरने वेग कमी केला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि देवळाच्या दिशेने नाणं भिरकावलं. मागोमाग एक टेम्पो आला, त्यानेही तसंच केलं. मग एक लाल डबा, त्यातल्या खिडकीतल्या एका काकूंनी हात जोडले. कुणी फोटो काढत नव्हतं. सोमाटण्याच्या मावशींना ही बातमी कशी सांगावी, याचा मी विचार करत होते.

‘‘एक रुपया दे गं,’’ बाबा म्हणाले.

मी पर्स उघडली. तीन कार्डं, एक पाचशेची नोट, ऑफिसचा आयडी. डॅशबोर्डचा खण उघडला, त्यात फास्टॅगचं पाकीट आणि मोबाइलचा चार्जर. अडीचशे खेपांचा टोल मी कधी हाताने दिलेलाच नाही. बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पॅंटचा, आणि पाकिटाच्या एका कप्प्यातून दोन रुपयांचं जुनं नाणं काढलं. ते माझ्या हातात दिलं.

‘‘तू टाक,’’ म्हणाले. ‘‘गाडी तू चालवतेस.’’